उसन्या सिस्टर

आमच्या विभागात खुर्च्या भरपूर आणि सिस्टर कमी. त्यामुळे पाहणीचे दिवस आले की साहेबांचा मला फोन यायचा, "सारथी, गाडी काढ." सारथी हे नाव मला ताईने चिडवायला ठेवलं होतं. ते सगळ्या खात्याने उचललं आणि आता पगाराच्या कागदावर सोडलं तर माझं खरं नाव कुठेच उरलेलं नाही.

गाडी म्हणजे खात्याची रुग्णवाहिका. एक स्ट्रेचर, एक ऑक्सिजनचा सिलिंडर आणि बसायला एक बाक. दिलेली पेशंट न्यायला, पण पाहणीच्या दिवसांत तिच्यातून पेशंटपेक्षा सिस्टरच जास्त फिरायच्या. वरच्या कचेरीतून पथक यायचं आणि रोज एक आरोग्य केंद्र बघायचं. ज्या केंद्रात पथक, तिथे आजूबाजूच्या केंद्रांतल्या सिस्टर मी गोळा करून आणायचो. कडक इस्त्री, छातीवर बिल्ला. पथक जागा मोजायचं, सगळ्या भरलेल्या निघायच्या, चहा व्हायचा. दुसऱ्या दिवशी पुढचं केंद्र आणि त्याच सिस्टर. पथकातल्या लोकांना चेहरे ओळखू येत नव्हते यावर माझा काडीचाही विश्वास नाही. कचेरीत या प्रकाराला उसनवारी म्हणायचे, आणि ते म्हणताना कुणाला काही वाटायचं नाही.

उसन्यांमध्ये ठरलेली एक म्हणजे चिमणी. नदीचा पूल ओलांडून चढाच्या रस्त्याने गेलं की अगदी शेवटी तिचं केंद्र. त्यापुढे रस्ताच नाही. वयाने लहान आणि तोंडाने अखंड चालू. गाडीत बसली की उतरेपर्यंत तिच्या बोलण्याला विराम नसे. तिच्या केंद्रात ती एकटीच होती. दुसरी ठरलेली म्हणजे ताई.

ताई माझी सख्खी मोठी बहीण. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. खालच्या वस्तीतल्या केंद्राच्या मागे दोन खोल्या आहेत, तिथे ती राहते. कागदावर त्या केंद्रात तीन सिस्टर. प्रत्यक्षात गेली कित्येक वर्षं ताई एकटी. दिवस तिचा, रात्र तिची, सुट्टी कुणाचीच नाही. अंघोळीला किंवा दुकानापर्यंत जायचं झालं तरच ती केंद्राला कुलूप लावायची. वस्तीतल्या लोकांना ते इतकं अंगवळणी पडलं होतं, की कुलूप दिसलं तर कुणी परत फिरत नसे. कुलूप आहे म्हणजे सिस्टर एवढ्यात येतील, असं म्हणून ते पायरीवर बसून राहायचे.

ताईला दुसरी सिस्टर हवी होती. दोन नाही मागितल्या तिने, एक. दर वर्षी मागायची आणि दर वर्षी उत्तर यायचं, पाहणीत आपल्या केंद्रातील सर्व पदे भरलेली आढळली. कशी भरलेली आढळली ते मी सांगितलंच. आम्हीच भरत होतो आणि आम्हीच रडत होतो.

त्या दुसरीची वाट ताईपेक्षाही आई जास्त बघायची. आई माझ्याकडे असते. गुडघे गेलेत, नजर अधू झाली आहे, जीभ मात्र अजून तेज. "दुसरी मिळाली की मी आईकडे राहायला येते," असं ताई फोनवर सांगायची आणि मी घरात पाऊल ठेवलं की आई विचारायची, "मिळाली का रे दुसरी?" माझी बायको म्हणायची, "आई, तुम्हीच जाऊन राहा की थोडे दिवस ताईंकडे. हे सोडतील." त्यावर आईचं उत्तर ठरलेलं. "मी गेले की तिचं भागलं. मग ती मागायची बंद होईल. मी नाही जाणार."

त्या दिवशी बाजारातल्या केंद्राची पाहणी होती. मी ताईला घ्यायला गेलो तर ती कपडे करून दारात उभी, पण तोंड फुगलेलं.

"शिंप्याच्या सुनेचे दिवस भरत आलेत. मी कालच सांगितलं साहेबांना, आज मला नका हलवू."

"मग?"

"मग काय! म्हणाले, एका दिवसाचा प्रश्न आहे सिस्टर, दुपारी सोडतो. प्रत्येक वेळी एकाच दिवसाचा प्रश्न असतो यांचा."

तिने कुलूप लावलं, दोनदा ओढून पाहिलं. शिंप्याचं दुकान वाटेतच आहे. गाडी थांबवायला लावून तिने खिडकीतूनच सुनेची चौकशी केली. शिंपी कापडावर खडूने रेघ मारत होता. "बरी आहे," म्हणाला, "सकाळपासून जरा कंबर दुखते म्हणते, बाकी काही नाही." ताईने माझ्याकडे पाहिलं. मला तेव्हाच गाडी वळवायला हवी होती असं आता कुणीही म्हणेल. मी म्हणालो, "लवकर येऊ," आणि आम्ही निघालो. चिमणीला मी आधीच सोडून आलो होतो.

पाहणीच्या वेळी फोन वाजू नयेत म्हणून सगळ्यांचे फोन साहेब एका खणात ठेवायला लावायचे. ताईचाही गेला. मी बाहेर गाडीत होतो. पथक उशिरा आलं, सावकाश हिंडलं, औषधांच्या कपाटाचं कौतुक झालं. उन्हं चांगलीच चढली तेव्हा माझा फोन वाजला. शिंपी होता.

झालं होतं ते असं. आम्ही गेल्यावर थोड्याच वेळात सुनेला कळा सुरू झाल्या. सासरा आणि नवरा तिला धरून केंद्रावर घेऊन आले. दाराला कुलूप. मोठं हॉस्पिटल लांब, गाडी करायला बाजारातच जावं लागतं. पण ती माणसं गेली नाहीत. कुलूप आहे म्हणजे सिस्टर एवढ्यात येतील, म्हणून पायरीवर बसली. पोरीला पायरीवर बसवलं, मग निजवलं. ताईला फोन लावला, तो खणात. बाळ पायरीवर जन्मलं. रडलं, चांगलं रडलं. पण तिचं रक्त थांबेना.

मी आत धावलो. दारात साहेब पथकाबरोबर उभे होते. त्यांनी नुसता हात वर करून मला थांब म्हटलं. मी त्यांच्या बाजूने आत घुसलो आणि ओरडलो, "ताई, शिंप्याची सून!" खुर्चीवरून ती अशी उठली की खुर्ची आडवी झाली. पथकातला एक जण विचारत होता, "काय झालं?"

गाडी मी आयुष्यात तशी कधी हाणली नव्हती. पोरीला पायरीवरून उचलून स्ट्रेचरवर घेतलं. ताईने कुलूप उघडून इंजेक्शन आणलं, दिलं आणि मोठ्या हॉस्पिटलपर्यंत दोन्ही हातांनी तिचं पोट दाबून धरून गुडघ्यांवर बसून राहिली. मागून मला ताईचा आवाज ऐकू येत होता, "डोळे उघड ग. माझ्याकडे बघ. बाळ बघितलंस का?" मग पुन्हा तेच. मग आवाज थांबला. मी मागे वळून बघितलं नाही. हॉस्पिटलच्या दारात गाडी उभी केली तेव्हाही ताईने हात काढले नव्हते, तिथल्या डॉक्टरांनी ते हलकेच बाजूला केले.

बाळ वाचलं. मुलगी झाली होती.

चौकशी बसली. बसायलाच हवी होती, माणूस गेलं होतं. पण वरून जो सवाल आला तो वाचून माझं डोकंच फिरलं. तीन सिस्टर असलेल्या केंद्राला भर दिवसा कुलूप कसं? तीन! ताईच्या केंद्राच्या मागच्याच पाहणीत पथकाने डोळ्यांनी पाहिल्या होत्या ना. तिथे ताईच्या दोन्ही बाजूंना चिमणी आणि बाजारातली धाकटी सिस्टर बसल्या होत्या, मीच आणल्या होत्या. आता त्या दोन उसन्या खुर्च्या ताईच्या गळ्याला लागल्या.

साहेब एकटेच ताईकडे आले. वाईट माणूस नव्हे हो. वाईट असता तर शिव्या देऊन मोकळा झालो असतो. डोळे आत गेले होते, दाढी वाढली होती. ताईने चहा ठेवला, तो त्यांनी घेतला नाही.

"सिस्टर, खासगी कामाला गेले होते असं सांगा. ठपका बसेल, बढती अडकेल, पण नोकरी जाणार नाही. ते मी बघतो."

"आणि खरं सांगितलं तर?"

"खरं सांगितलं तर हे केंद्र बंद. पुलाजवळचं जुनं केंद्र आठवतं ना? तिथल्या बाईंनी पथकाला खरं सांगितलं होतं, जागा रिकाम्या आहेत म्हणून. त्यांना वाटलं माणसं मिळतील. माणसं नसलेलं केंद्र चालवता कशाला, म्हणून कुलूप लागलं. आज तिथे सिमेंटची पोती आहेत. तेव्हापासून मी कुठलीच खुर्ची रिकामी दिसू दिली नाही. माझं काय चुकलं ते मला कळत नाही असं समजू नका."

ताईने तो गार चहा मोरीत ओतला. ते गेल्यावर मी बोललो, बरंच बोललो. "त्यांचं पाप तू का अंगावर घेतेस? सांगून टाक सरळ." ती भांडी घासत होती. "सांगितलं आणि दार बंद झालं तर पुढची पोर कुठल्या पायरीवर बसेल, ते सांग आधी," म्हणाली. मी आणखी चिडलो.

चौकशीच्या दिवशी सकाळी फोन. "सारथी, गाडी काढ. चिमणीला आणि धाकटीला घे आणि ताईंच्या केंद्रावर सोड."

ज्या रोगाने माणूस मेलं, त्याच्या चौकशीला तोच रोग घेऊन जायचा! पण साहेबांना दुसरं काही सुचतच नव्हतं. कुणी बघायला येणार म्हटलं की खुर्च्या भरायच्या, एवढंच हात शिकले होते. मलाही काही वेगळं सुचलं नाही हेही खरं. मी गाडी काढली आणि चढाच्या रस्त्याला लागलो.

चिमणी दारात तयार उभी होती. एका हातात पर्स, दुसऱ्या हातात कुलूप. मागे बाकावर पायाला पट्टी बांधलेले एक आजोबा बसले होते आणि एक बाई तापलेलं पोर मांडीवर घेऊन. चिमणी त्यांना सांगत होती, "आज नाही जमणार, उद्या या." आजोबा म्हणाले, "बसतो मी. याल ना एवढ्यात?"

ते ऐकलं आणि मी गाडी बंद करून खाली उतरलो.

"कुलूप आत ठेव," मी म्हणालो. "तू यायचं नाहीस."

"अहो, पण साहेब..."

"साहेबांना मी बघतो. आजोबांची पट्टी बदल."

चिमणी गप्प झालेली मी पहिल्यांदा पाहिली. बाजारातल्या धाकटीकडे मी गेलोच नाही.

ताईच्या केंद्रात टेबलामागे तीन खुर्च्या मांडल्या होत्या, एकीवर ताई. समोर चौकशीला आलेल्या डॉक्टरीणबाई, पांढऱ्या केसांच्या, कमी बोलणाऱ्या. भिंतीला टेकून शिंपी उभा. साहेबांनी माझ्या मागे पाहिलं, मग गाडीकडे पाहिलं.

"कुठे आहेत?" त्यांनी दबक्या आवाजात विचारलं.

"आपापल्या केंद्रात आहेत." मी काही दबक्या आवाजात बोललो नाही.

"कोण?" डॉक्टरीणबाईंनी मान वर केली.

मी ताईकडे पाहिलं. माझा राग तिच्यावर लादून मी तिला कोपऱ्यात ढकललं होतं आणि ते तिला कळलं होतं. ती उठली आणि तिने बाजूच्या दोन्ही खुर्च्या उचलून भिंतीशी नेऊन ठेवल्या.

"या शाळेतून मागून आणल्यात," ती म्हणाली. "पाहणीलाही आणल्या होत्या. माझ्या केंद्रात खुर्ची एकच आहे."

मग तिने सगळं सांगितलं. आवाज चढवला नाही, कुणाचं नाव घेतलं नाही. तिचं झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी शिंप्याला विचारलं, "तुम्हाला हे माहीत होतं?"

शिंपी म्हणाला, "या एकट्याच आहेत हे साऱ्या वस्तीला माहीत आहे, बाई. तिघी आहेत हे आम्हाला आज कळलं." मग तो रडायला लागला. साहेब उठून त्याच्याजवळ गेले, आणि मग वळून म्हणाले, "सिस्टरना त्या दिवशी मी बोलावलं होतं. त्या नको म्हणत होत्या." एवढं बोलून त्यांनी डोळे पुसले. त्या क्षणी मला त्यांच्याबद्दल जे वाटलं त्याला राग म्हणता येणार नाही.

साहेबांची बदली झाली. ताईवरचा ठपका निघाला. आणि केंद्र बंद झालं नाही! उलट आदेश आला, या केंद्रात दुसरी सिस्टर तातडीने द्यावी. मी ताईला फोन केला तेव्हा तिने मला आदेश दोनदा वाचून दाखवायला लावला. मग म्हणाली, "आईला सांग, येते म्हणावं." आईने ऐकलं आणि सुनेला गादीला ऊन द्यायला लावलं. रोज विचारायची, "आज येणार का?" घरात असं हसतंखेळतं वातावरण मी कितीतरी दिवसांनी पाहत होतो.

नव्या साहेबांचा फोन आला. आवाज तरुण, बोलणं अदबीचं. "विभागाला नवीन माणूस मिळालेलं नाही. आहे त्यातूनच जुळवाजुळव करायची आहे. चढावरच्या शेवटच्या केंद्रात बाळंतपणं फार कमी होतात, कामगिरीत ते तळाला आहे. तिथल्या सिस्टरना सामानासकट खालच्या वस्तीत आणा."

कशाला खोटं बोलू, मला कळलं आणि तरी मी गेलो. घरी ताईसाठी काढलेली गादी उन्हात पडली होती. वर कोण राहील हा विचार मी पुलावर नदीत टाकला.

चिमणीने कुलूप लावलं. दारात बरीच माणसं जमली होती, कुणी भांडलं नाही. पट्टीवाले आजोबा बाकावर बसले होते. "एवढ्यात याल ना?" त्यांनी विचारलं. चिमणीने त्यांच्याकडे न बघता मान हलवली. खाली येईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही.

ताई पायरीवरच उभी होती. आतली एक खोली तिने रिकामी केली होती, खाटेवर धुतलेली चादर, खिडकीला पडदा. गाडीचं दार उघडलं तेव्हा ती हसत पुढे आली. मग तिने चिमणीचा चेहरा पाहिला, हातातली बॅग पाहिली.

"तू होय," ती म्हणाली. "मग वर कोण आहे?"

"कुलूप आहे, ताई," चिमणी म्हणाली.

ताई खाली बसली, त्याच पायरीवर. ती पायरी तिने किती वेळा धुतली असेल कोण जाणे. मी म्हणालो, "लेखी आदेश आहे. तुझ्या मागण्याला यश आलंय. आई वाट बघते आहे." ती उठली आणि तिने पदर खोचला. जेवायची वेळ झाली होती. तिने आम्हा दोघांना आत नेलं, पोटभर वाढलं, स्वतः जेमतेम जेवली. मग चिमणीची बॅग उचलून तिने स्वतः गाडीत ठेवली.

"चल, बस," ती चिमणीला म्हणाली. "अंधार पडायच्या आत पोचशील."

"ताई, डोकं फिरलंय का? नव्या साहेबांना काय सांगायचं?"

"मी सांगते त्यांना. मी दुसरी सिस्टर मागितली होती. कुणाची होती नव्हती ती नाही मागितली." तिने पदराने तोंड पुसलं आणि माझ्यावरच खेकसली, "बघतोस काय? तिथे कुणीतरी पायरीवर बसलं असेल!"

बसलेच होते. आजोबा बाकावरून हलले नव्हते. गाडीतून चिमणी उतरली तेव्हा त्यांना जराही नवल वाटलं नाही. चिमणीने कुलूप काढलं आणि तिचं तोंड जे सुरू झालं ते मी गाडी वळवेपर्यंत ऐकू येत होतं.

घरी आलो. आई दाराकडे तोंड करून बसली होती. बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि पाणी आणून दिलं.

"मिळाली का रे दुसरी?"

"मिळाली होती, आई. ताईने परत पाठवली." कुठून आणली होती तेही मी सांगितलं.

आईचे हात मांडीवरच्या लुगड्याच्या निऱ्या सारख्या करत होते. ती आता ताईला बोल लावेल, मग मला, मग खात्याला, असं मला वाटलं, आणि खरं सांगतो, तसं झालं असतं तर बरं वाटलं असतं.

"सूनबाई," तिने हाक मारली, "ती गादी गुंडाळ आणि माझी दोन लुगडी बांध." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "उद्या मला तिच्याकडे सोड. सुई टोचायला नाही येत मला. पण ती बाहेर गेली तर दारात कुणी बसलेलं असेल, त्याला ती कुठे गेली आणि कधी येणार ते तरी सांगेन."